पिवळ्या निशाणाचं घर

१

खोका उघडला तेव्हा आत टीपकागद होते, वर वजनाला ठेवलेली काच होती, आणि नोंदवही नव्हती.

मी खोक्याखाली पाहिलं, कपाटाखाली पाहिलं, मग परत खोक्यात. बाळ झोपलंय हे दिसत असतानाही आपण पुन्हा वाकून बघतो ना, तसं. ईशू माझ्या छातीशी झोळीत बांधलेली होती. दहा महिन्यांच्या माणसाला चोरीचं काय! तिने माझ्या ओढणीचं टोक तोंडात घातलं आणि चघळत बसली.

पंढरीनाथ सर दारात उभे होते. त्यांनी आधी चष्मा पुसला. मग विचारलं, "तुम्हीच घरी नेली असेल, क्षितिजाताई. आठवा बरं."

मी नेली नव्हती. चार दिवसांपूर्वी याच खोलीत, नाखवापाड्याच्या मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात, मी ती वही ओलसर टीपकागदांत गुंडाळून खोक्यात ठेवली होती आणि खोका लोखंडी कपाटात. सोबत सर होते, सोसायटीचे अध्यक्ष गोवर्धनकाका होते. कपाटाची चावी एकवीरेच्या तसबिरीमागच्या खिळ्याला लटकते. पाड्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि तसबिरीमागे हात घालून कोणी खोटं काम करणार नाही, असंही सगळे धरून चालतात.

गोवर्धनकाका आले, रिकामा खोका पाहिला, आणि खुर्चीत बसून म्हणाले, "कोळ्यांच्या सोसायटीत एकशे सत्तावीस वर्षांनी चोरी झाली, आणि गेलं काय, तर वाळवीने खाल्लेली वही. पेपरवाले पण छापायचे नाहीत."

हसलं कोणीच नाही. नारळी पौर्णिमेला नऊ दिवस होते, आणि त्या वहीतल्या दोन पानांवर एका घराची अब्रू चिकटून बसली होती.

एक गोष्ट तेवढी मी मनात ठेवली. टीपकागद कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घातलेले होते. चोराला घाई नव्हती. आणि जो कोणी होता, त्याचा हात हळवा होता.

२

नाखवापाडा वरसाव्याच्या पुलापासून खाडीच्या कडेने आत आहे. चाळीस-पन्नास घरं, एक देऊळ, जाळी वाळवायचं मैदान. मी राहते शांती नगरला. ईशू व्हायच्या आधी एका संग्रहालयात जुने कागद दुरुस्त करायचे. बाळंतपणानंतर हे पहिलं काम. मानधन म्हणून काकांनी 'पापलेट देऊ' सांगितलं होतं आणि मी एका पायावर तयार झाले होते, कारण घरात राहून मी कागदाचा वाससुद्धा विसरत चालले होते.

वही सोसायटीचं जुनं ऑफिस पाडताना पत्र्याच्या पेटीत सापडली. १८९७ सालची. मुंबईत प्लेग होता, म्हणून मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक मचव्याला खाडीच्या तोंडाशी दहा दिवस अडकवून ठेवत. डोलकाठीवर पिवळं निशाण. आतल्यांनी उतरायचं नाही, बाहेरच्यांनी जवळ जायचं नाही. काठावर एक खोपटं आणि त्यात सरकारी कारकून. कुठला मचवा, तांडेल म्हणजे मचव्याचा म्होरक्या कोण, माणसं किती, आजारी किती, हे तो रोज लिहायचा. ती ही वही.

पाड्यातली गोष्ट अशी, की रामा तांडेल नावाच्या माणसाने दहा दिवस न थांबता आपला मचवा चोरून आत घातला. पंधरवड्यात तेवीस माणसं गेली. तोवर पौर्णिमेला खाडीत मानाचा नारळ सोडायचा हक्क रामाच्या घराचा होता. तो काढून घेतला आणि गोवर्धनकाकांच्या पणजोबांना दिला. रामाच्या घराला तेव्हापासून 'पिवळे' म्हणतात. लग्नपत्रिकेवर नाही लिहीत कोणी, पण पत्रिका कोणाकडे द्यायची हे सांगताना म्हणतात.

त्या घरात आता जिजाबाई आहेत, वय ब्याऐंशी, आणि त्यांचा नातू निकेत. निकेत बायकोला घेऊन मीरा रोडला फ्लॅटवर राहतो. रुचिताला सातवा महिना आहे. म्हातारीने माझ्याकडे एकच मागणं केलं होतं: वहीत काय आहे ते पुस्तक छापायच्या आधी बघ. पुस्तक पंढरीनाथ सरांचं. सर मूळचे गिरगावचे, निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी पाड्याचा इतिहास लिहिला होता आणि प्रकाशन पौर्णिमेला, नारळाच्या आधी ठेवलं होतं. त्यातल्या एका प्रकरणाचं नाव 'पिवळं निशाण'.

पहिल्या दिवशी मी वही सर आणि काका, या दोघांसमोर उघडली. प्रत्येक पानाला बोटाएवढ्या दोन उभ्या चिरा होत्या, पुठ्ठ्यापासून पुठ्ठ्यापर्यंत आरपार. सरांना वाटलं कसर लागलीये. मी सांगितलं, ही पटाशी आहे, सुताराची. रोगाच्या बंदरातून काहीही बाहेर काढताना गंधकाची धुरी द्यायचे, कागदालासुद्धा. धूर आत शिरावा म्हणून वही लिहून संपली की अशी भोसकायचे. "बघा, चिरा अक्षरांच्या डोक्यावरून गेल्यात. 'तांडेल'मधला 'डे' मधोमध कापलाय." काकांनी वही नाकाशी नेली आणि म्हणाले, दिवाळीचा वास येतोय.

फेब्रुवारीअखेरपर्यंतची पानं सुटी होती. मार्चची दोन पानं दमटपणाने एकमेकांना घट्ट चिकटलेली. ओढली असती तर अक्षरं सोलून निघाली असती. म्हणून टीपकागद, म्हणून चार दिवस. कागदाला वेळ दिला की तो आपणहून सुटतो. रामा तांडेलाचा मचवा चोवीस फेब्रुवारीला खाडीच्या तोंडाशी लागला, इथवर आम्ही वाचलं होतं. पुढचं त्या दोन पानांत होतं.

वही पळवून फायदा कोणाचा? गोवर्धनकाकांचा उघडच. रामा निर्दोष ठरला तर नारळ परत जाईल. सरांचा थोडा. पुस्तक छापखान्यात गेलेलं, प्रकरण बदलायचं म्हणजे स्वतःचं चुकलं असं लिहायचं, आणि चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासलेल्या माणसाला ते जड जातं. मी दोघांनाही विचारलं. सर दुखावले. काका मात्र खाडीकडे बघत म्हणाले, "नारळ मी बावीस वर्षं सोडतोय. दरवेळी म्हातारी मागे उभी असते. माझी पाठ जळते गं, पोरी. पण स्वतःहून देऊन टाकण्याएवढी नाही जळत."

एवढं खरं बोलणारा माणूस चोर असेल असं वाटेना. पण चोराला खरं बोलता येत नाही असंही कुठे आहे?

३

जिजाबाईंचं घर पाड्याच्या टोकाला, सगळ्यांच्या पाठी. वही गेल्याचं त्यांना कोणीतरी आधीच सांगितलं होतं. रडल्या नाहीत. ईशूला मागून घेतलं, मांडीवर पालथी टाकली आणि पाठ चोळायला लागल्या. माझी पोर कोणाकडे जात नाही. त्यांच्याकडे गेली आणि ढेकर दिली.

निकेतही तिथेच होता, भिंतीला टेकून. हाटकेशला त्याचं दुकानांच्या पाट्या बनवायचं छोटं युनिट आहे. सोसायटीच्या दारावरची 'स्थापना १८९८' ही जुन्या वळणाची पाटी त्यानेच रंगवून स्वतः लावली. अक्षर असं, की सरांना ती शंभर वर्षांपूर्वीचीच वाटली होती. मला सारखं सांगत होता, जाऊ दे ताई, गेली तर गेली, आजीला मी माझ्याकडे नेतो. आजी म्हणायची, नाव धुतल्याबिगर उंबरा सोडनार न्हाय. हे त्यांचं रोजचं असावं, कारण दोघंही एकमेकांकडे न बघता बोलत होते.

मी आजींना विचारलं की रामा तांडेलाबद्दल घरात काय सांगतात. त्यांनी जे सांगितलं ते विचित्र होतं. तेवीस माणसं गेल्यावर गावकी बसली. रामाला उभा केला. तो शपथ घेऊन 'मी मचवा हलवला नाही' म्हणाला असता तर त्याचे खलाशी साक्ष देणार होते. पण तो काहीच बोलला नाही. शेवटी विचारलं, मग हे कोनामुलं जालं? तेव्हा एकच शब्द बोलला: "मीच."

"मंग आयुष्यभर न्हाय बोलला," आजी म्हणाल्या. "मना सांग, ज्यानं केलं न्हाय, तो 'मीच' कशाला बोलंल?"

"आणि त्याची बायको?"

आजींनी देव्हाऱ्याकडे हात जोडले. थोरली आई. नाव कोणाला माहीत नाही, पण पूजा रोज. रामा मुंबईला असताना बाळंत झाली. त्याच साथीत गेली, पोर महिन्याचं ठेवून. दुसऱ्यांची आजारपणं काढता काढता गेली, असं सांगतात. ते महिन्याचं पोर म्हणजे जिजाबाईंच्या सासऱ्यांचे वडील.

देव्हाऱ्यातून त्यांनी एक लाकडी डबी काढली. आत दोन वस्तू. एक कोळ्याची टोपी, रामाची, एके काळी लाल असणार, आता दुधात कुंकवाचा थेंब पडावा इतकीच. दुसरी बाळाची कुंची. मुंबईची, कडेला जरीचा बारीक गोट, आणि लालभडक. ईशूने हात पुढे केला आणि तिचं टोक घट्ट धरलं.

"एकाच मचव्यातनं आली दोनी," आजी म्हणाल्या. "टोपी गंधकाच्या धुरीनं पांढरी जाली. सगलं धुरीतनं काढलं व्हतं ना. कापड, दोर, सगलं."

मी कुंची ईशूच्या मुठीतून सोडवली. एक एक बोट उघडावं लागलं. काहीतरी माझ्या डोक्यात खटकलं होतं, पण तेवढ्यात फोन वाजला. पंढरीनाथ सर होते आणि त्यांचा आवाज वर गेला होता. चिकटलेल्या पानांतलं एक पान सापडलं होतं. सोसायटीच्या दाराखालून कोणीतरी आत सरकवलं होतं.

४

पान खरं होतं. म्हणजे कागद खरा होता: तोच जाडपणा, तोच दिवाळीचा वास, त्याच दोन चिरा. सरांनी ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. आजींना निकेतने हाताला धरून आणलं होतं.

"तारीख तीन मार्च, सायंकाळी सहा. तांडेल रामा याने पिवळे निशाण उतरविले व मचवा खाडीतून गावाकडे नेला. आम्ही हाका मारिल्या. तो थांबला नाही."

गोवर्धनकाकांनी मान खाली घातली. खरं सांगते, त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. सर म्हणाले की दुःखद आहे, परंतु इतिहास हा इतिहास असतो, हे पान पुस्तकात घेतलं पाहिजे. निकेत म्हणाला, "झालं आजी? आता चल माझ्याकडे."

सवयीने मी फोनवर जुनं पंचांग काढून तारखेची तिथी बघितली. कागदावर काम करताना आम्ही ती लिहून ठेवतो. "माघ अमावस्या," मी म्हटलं, कोणाला उद्देशून नाही.

जिजाबाईंनी मान वर केली.

"आवस? आन सांजचे सहा?"

"हो, आजी."

त्यांचे ओठ हलले. काही मोजत होत्या. मग एकदम बोटं थांबली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, निकेतकडेही नाही. खाली बघून म्हणाल्या, "मना घरी ने. डबी उघडी राह्यलीय."

सर म्हणाले, धक्का बसला असेल. पण मी तो चेहरा ओळखत होते. ईशू पहिल्यांदा पलंगावरून पडली तेव्हा आरशात पाहिलेला. चूक कोणाची ते कळल्यावर बाईचा चेहरा तसा होतो.

मी पान मागून घेतलं आणि उजेडात धरलं. मग मला चिरा दिसल्या.

५

बाकीच्या वहीत पटाशी अक्षरांवरून गेली होती. इथे अक्षरं पटाशीला वळसा घालून गेली होती. 'निशाण' लिहिताना हात चिरेपाशी थांबला, चीर ओलांडली आणि पलीकडे पुढचं अक्षर काढलं. जिथे जागा कमी पडली तिथे शाई चिरेच्या कडेने फुटून पसरली होती, जुना कागद नवी शाई पितो तशी. म्हणजे चिरा आधीच्या, अक्षरं नंतरची. वहीच्या शेवटी आठ-दहा कोरी पानं होती. त्यातलं एक कापून कोणीतरी परवा-तेरवा हे लिहिलं होतं.

म्हणजे लिहिणाऱ्याकडे वही होती. पण चिरांचा अर्थ त्याला माहीत नव्हता. सरांना आणि काकांना तो मीच दाखवला होता, कापलेल्या 'डे'वर बोट ठेवून. त्या दोघांपैकी कोणी असता तर अक्षरावर चीर येईल अशी काळजी घेतली असती.

दुसरी गोष्ट मला काकांनी शिकवली. मी फक्त विचारलं की अमावस्येला खाडीला पाणी कधी असतं. ते म्हणाले, हे पण शिकवायचं का आता? तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ येते. आवसेला पाणी बाराच्या सुमाराला भरतं आणि सहाला सुकतं. आणि आवस-पुनवेची ओहोटी म्हणजे नुसता चिखल, खाडीच्या तोंडापर्यंत. "त्या वेळेला मचवा काय, चिंबोरी पण पायीच येते."

बोलता बोलता ते थांबले. पानावरची वेळ त्यांना आठवली असावी. "म्हणजे ते पान..." मी म्हटलं, काका, दोन दिवस कोणाशी बोलू नका. ते नाही बोलले.

कोळ्याने खोटं लिहिलं असतं तर भरतीचं लिहिलं असतं. हे कोळ्याच्या पोटी जन्मून खाडी न शिकलेल्याचं काम होतं. जुन्या वळणाचं अक्षर काढता येणाऱ्याचं. तसबिरीमागचा खिळा माहीत असलेल्याचं. आणि टीपकागदाची घडी घालणाऱ्या हळव्या हाताचं.

पण निकेत आपल्याच पणजोबाच्या आजोबाला दोषी का ठरवेल? इथे मी रात्रभर नाही, पण ईशूला दोनदा पेज भरवण्याएवढा वेळ अडकले. मग कुंची आठवली. टोपी गंधकाने पांढरी झाली, कारण मचव्यातलं सगळं कापड धुरीतून निघालं. कुंची त्याच मचव्यातली, आणि लालभडक. म्हणजे ती धुरी द्यायच्या आधीच मचव्यातून उतरली होती. मचवा खाडीच्या तोंडाशी उभा असताना. कोणीतरी येऊन घेऊन गेलं होतं. चिखलातून, पायी.

निकेतने तारीख खऱ्या पानावरून घेतली होती. वेळही खरीच. फक्त चालणारं बदललं होतं.

हाटकेशला पोचले तेव्हा तो एका मेडिकल दुकानाची पाटी कापत होता. मला बघून त्याने मशीन बंद केलं, खालचा खण उघडला आणि आजीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली वही माझ्यासमोर ठेवली. वाद नाही, बहाणा नाही. फक्त विचारलं, कळलं कसं. मी भरती-ओहोटी सांगितली. तो हसला, अगदी वाईट हसला.

"बाबा शिकवणार होते," तो म्हणाला. "मीच म्हणायचो, मला काय करायचंय."

बाबा गेले दोन हजार वीसमध्ये. पाड्यात त्यांच्या आधी चार घरांत ताप होता. बांबू मात्र यांच्याच दाराला आडवे बांधले. आणि सकाळी उठून बघतात तर बांबूला कोणीतरी पिवळी ओढणी गाठ मारून ठेवलेली. निकेतने हे सगळं पाटीचा भाव सांगावा तसं सांगितलं. वही त्याने चोरायला नव्हती उघडली. पानं सुटली असतील तर आजीला पहिल्यांदा आपण वाचून दाखवू, एवढंच. पानं सुटली होती.

मी ती वाचली. कारकुनाचं अक्षर तिथे जरा हललं होतं.

"तीन मार्च. सायंकाळी सहाचे सुमारास ओहोटीत एक बाई चिखल तुडवीत रामा तांडेलाचे मचव्यापाशी आली. हाती महिन्याचे मूल. तांडेल वरून ओरडत होता, मागे फीर, मागे फीर. ती फिरली नाही. मूल दोन्ही हातांनी वर धरून उभी राहिली, त्यास दिसावे म्हणून. बराच वेळ. वारा होता. शेवटी त्याने एक कुंची खाली टाकली. तिने ती मुलास घातली व गेली. मी घंटा वाजवावयास हवी होती. वाजविली नाही."

दुसऱ्या पानावर नऊ मार्च. "त्या बाईस ताप." आणि त्याखाली तेवीस नावं.

चिरा या पानांवरूनही गेल्या होत्या. एक बरोबर 'मूल' या शब्दावरून.

मला सगळ्यात आधी ईशूला घरी ठेवून आल्याचा राग आला. मग मी कागदवालीसारखं बोलू लागले. म्हटलं, निकेत, प्लेग पिसवांमुळे होतो, उंदरांच्या. मचव्यावरचे उंदीर दोरावरून उतरून कधीच पोहत काठाला गेले असतील. पिवळं निशाण त्यांना कुठे वाचता येत होतं? कुंचीतून आला की उंदरातून, कोणी सांगू शकणार नाही.

"उंदराचं कोणाला काय पडलंय, ताई? लोकांना नाव लागतं." त्याने हात पुसले. "आजी तिची पूजा करते. रोज. मला वाटलं, रामाला शिव्या खायची सवय आहे. एक अजून."

६

जिजाबाई दारातच बसल्या होत्या. मी ईशूला घेऊन गेले होते. निकेत पायरीवर, लांब. वही बघून त्यांनी वाच म्हटलं. मी वाचलं. मध्ये एकदाच थांबवलं, 'वारा होता' इथे. ते पुन्हा वाचायला लावलं.

"मना त्या दिशीच कललं," त्या म्हणाल्या. "आवसेला सांजच्याला खाडीत मचवा चालत न्हाय. बाय चालते."

मग निकेतकडे बघून, "आन तू. खाडी येत न्हाय तर खाडीवर खोटं लिहू नये."

त्याने मान खाली घातली. ओरडणं एवढंच. मी विचारलं, आता काय करायचं? रामा निर्दोष होता, लेखी पुरावा होता. गोवर्धनकाका भांडतील, पण ओहोटी आणि चिरा त्यांनाही पटतील. नारळ या पौर्णिमेला निकेतच्या हातून सुटेल. सून होऊन आल्यापासून आजींनी ज्याची वाट बघितली ते माझ्या मांडीवर पडलं होतं, ईशूच्या पायाशी.

आजी कितीतरी वेळ कुंचीचा गोट बोटांनी चाचपत राहिल्या.

"गावकीत त्यानं तिचं नाव घेतलं असतं, तर त्याच दिशी सुटला असता. न्हाय घेतलं. म्हनला, मीच." त्यांनी कुंची डबीत ठेवली. "त्याचं नाव धुवाया गेले तर ते पानी तिच्या अंगावरनं जाईल, गो. बाप्या व्हता म्हनून नुसता पिवला बोलले. बायला डाकीन बोलतील. पोराचं तोंड दावाया गेली, येवढंच केलं तिनं."

"आजी, मग नारळ?" निकेत म्हणाला.

"नारल तरंगतो. कोनीबी टाकला तरी."

मग माझ्याकडे वळल्या. "तू कागद सोडवतंस ना? मंग चिकटवाया पन येत असंल."

आमच्या कामात हे शिकवत नाहीत. उलट शिकवतात, की कागदावर जे आहे ते आपलं नाही, झाकायचं नाही. मी ते त्यांना सांगणार होते. पण त्यांनी ईशूला घेतलं, दोन्ही हातांनी वर धरलं, आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. ईशू वरून हसत होती. मी वही परत लुगड्यात गुंडाळली.

घरी येऊन नाचणीसत्वाच्या पातेल्यात गव्हाची खळ शिजवली, गाळली, आणि त्या दोन पानांच्या कडांना बारीक लावली. गव्हाची खळ पाण्याने सुटते. ओला टीपकागद आणि चार दिवस कोणी दिले तर पान पुन्हा उघडेल. हे मी आजींना सांगितलं नाही. कोणालाच नाही.

सरांना सांगितलं, वही एका बाकाखाली मिळाली, पानं काही निघाली नाहीत, आणि दाराखालचं ते पान बनावट आहे. चिरा दाखवल्या. सर प्रामाणिक माणूस, त्यांनी ते पान लगेच पुस्तकातून काढलं. पण प्रकरण राहिलं. पुरावा नाही म्हटल्यावर त्यांनी पहिल्या वाक्यात एक शब्द वाढवला: 'म्हणतात'. गोवर्धनकाका पान बनावट निघाल्याचं ऐकून मला बाहेर सोडायला आले आणि काहीतरी विचारणार होते. विचारलं नाही. पापलेट मात्र पाठवले, सांगितले त्याच्या दुप्पट.

पौर्णिमेला धक्क्यावर गर्दी होती. पुस्तकावरचा सोनेरी कागद फाडला, टाळ्या झाल्या, फोटो झाले. मग बँड वाजला, सोनेरी वर्ख लावलेला नारळ आला आणि गोवर्धनकाका पुढे झाले. मी ईशूला घेऊन बायकांच्या मागे उभी होते. माझ्या पुढे जिजाबाई, त्यांचा हात धरून पोटुशी रुचिता. निकेत आला नव्हता.

फोटोवाल्याला जागा हवी होती. पुढून कोणीतरी हाक दिली, वाईट भावनेने नाही, नेहमीच्या आवाजात:

"ओ पिवळे, जरा मागे घ्या."

जिजाबाईंनी रुचिताच्या पोटापुढे हात आडवा धरला, आणि दोघी एक पाऊल मागे सरकल्या. मग त्या वळल्या. ईशूच्या कुंचीची गाठ सुटली होती. ती त्यांनी दोन बोटांनी नीट बांधली.

"वारं हाय," म्हणाल्या.